अंबाडीच आहे, साहेब

मखमलाबाद, नाशिक
रविवार, ता. २२ ऑगस्ट २००४

गोजरावन्संना लंकाचा वाकून नमस्कार. दाजींना नमस्कार सांगा. बहिरूच्या डोक्यावरून मामीचा हात फिरवा, त्यानं फिरवू दिला तर.

इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे. ते पुढं बघू.

लंकीला लिहायला कधीपासून यायला लागलं, म्हणाल. चौथी पास आहे मी, विसरू नका. वेलांट्या चुकतील तिथं दाजींकडून वाचून घ्या. दुकानातून फोन लावला तर तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवून देता, आणि तो दुकानदार माझ्याकडं बघून दात काढतो. म्हणून कागद. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, फाडाल, पण आधी वाचाल.

छायाला पाचवा महिना लागला. सासरची माणसं बरी आहेत, सासू जरा शिष्ट आहे, पण ते चालायचंच. पोरीला आंबट खायचे डोहाळे लागलेत. चिंच नको, कैरी नको, अंबाडीची भाजीच पाहिजे म्हणते. दुसरं काही सुचलं नाही पोरीला! मी हसू का रडू ते तुम्हीच सांगा.

धोंड्याच्या महिन्यात दाजींचं वाण राहिलं. अनारसे केले होते, वाट बघून आम्हीच खाल्ले. चांगले झाले होते. परवा पंचमीला शेजारच्या चतुराबाईच्या सगळ्या लेकी आल्या, लिंबाला झोका बांधला, नुसता दंगा. आपल्या ओट्यावर कुणी नाही. तुमचे आबा हल्ली ओट्यावर येत नाहीत, नाहीतर चतुराबाईशी भांडले असते गोंगाटावरून.

आता वर्षभर घशात अडकलंय ते काढते. मला गोड बोलता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. वन्सं, तुमचे माझ्यावर उपकार आहेत. त्या दिवशी मी बाजूला उभी राहून सगळं बघत होते. मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते.

गेल्या सालचा सिंहस्थ. तपोवनात साधूंच्या चिलमी भर दुपारी धूर काढत होत्या, पोलीस त्यांच्या पाया पडत होते. आणि इकडं आमच्या शिवारात गांजा कोण लावतं म्हणून जीप फिरत होती. आबांची ती झाडं विहिरीजवळच्या वाफ्यात, अंबाडीच्या मधोमध. पान लांबून सारखंच दिसतं, बोटं पसरल्यासारखं. म्हातारा हुशार. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या चिलमीवरून आमचं भांडण. एकदा मी ती चुलीत घातली होती, तर आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घर कसं शांत होतं.

तुम्ही लासलगावच्या गाडीनं आलात. चहा नको म्हणालात. भिंतीवरचा विळा घेतलात आणि मला म्हणालात, "कुठंय गं माझ्या बापाची बाग? आज मुळासकट काढते. आजोबाच्या मांडीवर बसून माझ्या पोरानं तो वास घेतला, तिथनं सुरू झालं सगळं." बहिरूला डोक्याच्या मोठ्या दवाखान्यातून आणून तुम्हाला आठवडाही झाला नव्हता. मी मागून निघाले. खरं सांगते, मनातून खूश होते. माझंच काम तुम्ही करणार होता.

तुम्ही झाडाला हात घातला आणि बांधावर जीप थांबली.

सातबारा तुमच्या भावाच्या नावावर. छायाची सुपारी फुटलेली. आबांचं वय तर काठी धरून चालायचं. तो तरणा फौजदार, मुंबईहून बंदोबस्ताला आलेला, बुटाला चिखल लागला म्हणून आधीच चिडलेला. "ए बाई, काय लावलंय हे?" मला वाटलं, झालं. गोजरावन्सं आता सांगणार. आणि सांगितलं असतं तर तुमचं काय चुकलं असतं?

तुम्ही कंबरेवर हात ठेवून म्हणालात, "अंबाडी हाय, सायेब."

"अंबाडी म्हणजे?"

"म्हंजी भाजी. तुमची आई करत नाय का?"

"आमच्याकडे मिळत नाही."

"मग आईला आणा की हिकडं चार दिवस. ल्येकाला भाजी ठावं नाय आन् निघालाय मळं तपासायला."

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "मावशी, मस्करी नको. हे गांजाचं पान आहे." आणि तुम्ही हातातला पाला तोंडात घातलात. सगळा. चावलात. तो पाला कडू, उग्र. पण तुम्ही एक डोळा मिटलात, गाल आत घेतलात, जीभ टाळ्याला लावून चक् केलंत. असं आंबट तोंड केलंत की बघून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. "लय आंबट हाय. घ्या, खाऊन बघा." फौजदार दोन पावलं मागं सरकला.

मग त्याच्याबरोबरचा म्हातारा हवालदार पुढं आला. त्यानं एक पान खुडलं, बोटं नाकाशी नेली. मी देवाचं नाव घेतलं. त्यानं तुमच्याकडं बघितलं, विळ्याकडं बघितलं, पलीकडं लिंबाखाली बसलेल्या आबांकडं बघितलं. "अंबाडीच आहे, साहेब," म्हणाला. "आमच्या लातूरकडं लय असते." आणि जाता जाता मला हळूच, "काकू, अंबाडी जून झालीय. आज दिवस मावळायच्या आत कापून टाका. जून अंबाडी दाताखाली येते." मी कडेच्या खऱ्या अंबाडीची जुडी बांधून त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली पण. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही मी. कुठं असेल तिथं सुखात असू दे.

जीप गेली. तुम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली तोंड धरलंत, चुळा भरत बसलात. आबा काठी टेकत आले. तुम्ही वर न बघता बोललात, "तुमच्यासाठी केलं नाय. गांजाच्या पुडीपायी पोलिसांनी बहिरूला धरून नेला होता तवा मीच म्हणले, ठेवा आत, अक्कल येऊ द्या. चांगला मारला त्याला. अर्धं पोर गांजानं नेलं, उरलेलं त्या कोठडीनं. आता तुम्हाला आत घालून माझं पोर मागारी येणारे का?" विळा तिथंच टाकलात आणि निघालात. ओल्या तोंडानं. मी पदर पुढं केला पुसायला, तोही घेतला नाहीत.

छायाच्या लग्नाला तुम्ही साडी पाठवलीत, आला नाहीत. मांडवात बसून मी एकच विचार करत होते, की हा मांडव कुणाच्या जिभेवर उभा आहे. तुमचा भाऊ लेकीशेजारी बसून कन्यादान करत होता, ते कुणामुळं. हे मी तेव्हाच लासलगावला येऊन सांगायला पाहिजे होतं. पण मळ्याचं काम, आणि तोंड नव्हतं. भांडायला मला लगेच तोंड असतं, आभार मानायला नाही.

जीप आली त्याच दिवशी मी सगळी झाडं कापून खड्ड्यात पुरली. आबांनी कोनाड्यातली चिलीम स्वतः आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, "विहिरीत टाक. चुलीत नको, मागच्या टायमाला भाकरीला वास आला होता." त्यानंतर शिवले नाहीत. तपोवनातले त्यांचे जुने गोसावी येऊन बसले तरी नाही. मी विचारलं, आबा, सुटलं कसं? म्हणाले, "माझ्या नातवाला जे खाऊन बसलं, ते माझ्या लेकीनं माझ्यापायी तोंडात घातलं. आता कोणत्या तोंडानं ओढू?"

आता पुढचं. हे लिहायला मी तीन दिवस पेन चावतेय.

आबांच्या पोटात गाठ आहे. मोठी झालीय. डॉक्टरनी पोट उघडायला नको म्हणून सांगितलं, घरी न्या म्हणाले. तुम्हाला कळवू नको, असं आबांनी मला शपथेवर सांगितलं होतं. शपथ मोडली, माझं मी भोगेन. अन्न जात नाही. दोन घास खाल्ले की उलटून पडतात. कळ आली की उशीचं टोक दातात धरतात, ओरडत नाहीत. तो आवाज न येणंच मला ऐकवत नाही. गोळ्या देऊन झाल्या. जोराची जी गोळी असते ती इथं मिळत नाही म्हणाले.

आपल्या ओट्यावर यावरून रोज कोर्ट भरतं. गेणूगुरुजी पेपर घेऊन येतात. परदेशात म्हणे अशा दुखण्याला डॉक्टरच गांजा लिहून देतात. गुरुजींचं म्हणणं, इथंही कायद्यानं खुला करावा. "दारूला दुकान, तंबाखूला टपरी, मग यालाच बेडी का?" चतुराबाई म्हणते, "महादेवाचा पाला हाय, त्यानं कुणाचं वाईट होत नाय." मी म्हटलं, "बहिरूला बघून या आणि मग बोला." तिनं पान लावायला घेतलं. गुरुजींनाही म्हटलं, "दारूचं दुकान उघडलं म्हणून दारू चांगली झाली का? आमच्या गल्लीत विचारा बायांना." त्यांनी पेपरची घडी घातली. मग तुमचा भाऊ म्हणाला, "मग बंदी चांगली म्हण की." तर मला बहिरूची पाठ आठवली, कोठडीतून आला तेव्हाची. मग मीच उठून आत गेले.

बहिरूचे डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते ते माझ्या लक्षात आहे. सगळ्यांना होत नाही, पण ज्याच्या डोक्यात ते दुखणं आधीपासून असतं त्याला या धुरानं लवकर आणि जोरात होतं. मला तेवढंच कळलं. कोवळ्या पोराच्या हाताला हे लागू नये. आणि मरणाच्या वाटेवरच्या म्हाताऱ्याला अडवू नये. याचा कायदा कसा करायचा ते मला कळत नाही. दिल्लीतल्या शिकलेल्यांना तरी कुठं कळतंय.

वन्सं, मी तपोवनात गेले होते. पदर तोंडावर घेऊन. एका साधूनं पुडी दिली, वर आशीर्वाद दिला. मी, लंका, जिनं चिलीम चुलीत घातली होती ती. पुडी पिठाच्या डब्यामागं ठेवलीय. उघडलेली नाही. ती ठेवली म्हणून तुम्हाला राग येईल, तर येऊ द्या.

दुधात उकळून देते, असं मी आबांना म्हणाले. आबांनी मान फिरवली. "गोजराला विचार," म्हणाले. "ती हो म्हणली तर घेईन. नाय म्हणली तर ठेव बाजूला. माझं मी बघतो." मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, विचारलं फोनवर, हो म्हणाल्या. आबा डोळे मिटूनच हसले. म्हणाले, "लंके, तू खोटं बोलताना लय जोरात बोलतीस."

म्हणून हा कागद. सरकार परवानगी देईल न देईल. या घरातली परवानगी तुमच्याकडं आहे, आणि ती तुमच्याचकडं असावी हे मला पटतं. मी तुमच्या जागी असते तर नाही म्हणाले असते. कदाचित पालाही खाल्ला नसता. तुमच्याएवढं माझं मन मोठं नाही, उगाच कशाला खोटं लिहू.

तुम्ही नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही. पुडी विहिरीत टाकीन, तिथं चिलीम आहेच वाट बघत. पण हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, त्यांच्या उशाशी बसून म्हणा. फोनवर नको, कागदावर नको. त्यांना दुधापेक्षा तुमची जास्त गरज आहे, हे मला दिसतं, ते मात्र बोलणार नाहीत. तुम्ही दोघं बापलेक सारखेच.

बहिरूला आणा. आबा झोपेत त्यालाच हाक मारतात. चारचौघांत नको म्हणून घरी ठेवू नका. तो ओरडला तर ओरडू दे, मळा मोठा आहे. मी असताना कोण त्याला हसतं तेच बघते. नाशकात द्वारकेच्या चौकात उतरलात की तिथंच थांबा, तुमचा भाऊ रिक्षा घेऊन येईल.

विहिरीजवळच्या त्या वाफ्यात मी यंदा अंबाडीच पेरलीय. गुडघ्याला लागलीय, कोवळी आहे. मी फिरून फिरून पानं चावून बघितली, सगळी आंबट. छायाला अजून दिली नाही, तिला म्हटलं, आत्या येऊ दे. विळा धार लावून भिंतीला टांगलाय. तुम्ही कापल्याशिवाय त्या वाफ्याला कुणी हात लावणार नाही.

या.

तुमच्या उपकारात असलेली, आणि त्याची लाज न वाटणारी,
तुमची भावजय
लंका