चप्पल पायातच ठेवावी

लिहून ठेवणार कवडू वल्द नत्थू चवरे, वय साठीच्या पुढे, धंदा जोडे-चपला करणे, राहणार जाम, तहसील हिंगणघाट, जिल्हा वर्धा. आज माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे अधू झाले तरी कान शाबूत आहेत. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे करत नाही. मी बोलतो आहे आणि हिंगणघाटचे अर्जनवीस सदाशिवराव लिहीत आहेत. मी बोललेले काही गाळू नये, असे त्यांना बजावले आहे. मृत्युपत्रात एवढा पाल्हाळ चालत नाही, असे ते म्हणाले. मी म्हटले, "चालते का नाई ते सोडा सायेब, मरून तर मी राह्यलो."

१. जामच्या चौफुलीजवळचे माझे राहते घर, दोन खोल्या आणि पुढची पडवी, मी स्वतःच्या कमाईतून बांधले. बापजाद्यांची त्यात एक वीट नाही. हे घर मी माझी एकुलती मुलगी वच्छला हिला पूर्ण मालकीने देतो.

माझा धाकटा भाऊ तानबा याचे म्हणणे वेगळे आहे. जिला लहानपणापासून मिरगी येते, जिची कवटी डॉक्टरांनी उघडली, ती पोरगी शुद्धीवरच्या माणसांत कशी धरायची? म्हणून घर त्याच्या नावे करावे आणि त्याने तिला सांभाळावे. हे तो मायेने म्हणतो की घरावर डोळा ठेवून, मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. पण उद्या कचेरीत कोणी हाच प्रश्न काढला तर उत्तर कागदावर असावे, म्हणून पुढचे सांगतो.

२. माझी सर्व हत्यारे, म्हणजे कातडे कापायची रापी, टोचायच्या आऱ्या, चपलेच्या मापाचे लाकडी फर्मे आणि ठोकायचा लोखंडी पाय, हीसुद्धा वच्छलालाच. ही हत्यारे मधली काही वर्षे पोत्यात बांधून पडली होती. त्याचे कारण असे.

वच्छला लहान असताना खेळता खेळता थांबायची, माझे धोतर घट्ट धरायची आणि म्हणायची, "अप्पा, वास येऊन राह्यला." मग डोळे एका जागी थिजायचे आणि हातपाय ताठ व्हायचे. लोक ओरडायचे, "चप्पल हुंगवा, चप्पल!" मिरगीला चामड्याचा वास, हे आमच्याकडचे घरोघरचे औषध. चौफुलीवरचे किराणावाले अण्णाजी एरवी मला ओट्याची पायरी चढू देत नसत. पण त्यांच्या पाहुण्यांच्या पोराला फेफरे आले तेव्हा माझ्याच दुकानातल्या नव्या जोडातली एक चप्पल उचलून नेली. ती अजून परत आली नाही.

माझी पोर मात्र चपलांच्या ढिगात बसून आजारी पडत होती. तेव्हा तानबा म्हणाला, "दादा, वासानं बरी होत असती तर तुह्या घरात आजारीच काऊन पडली असती? उलटं हाये हे. कातड्याचा वासच पोरीच्या डोक्यात शिरला." मला ते पटले. माझी बायको कमलाबाई हिलाही पटले. मी कातडी विकून टाकली आणि सडकेवर गिट्टी फोडायला गेलो. कमला रोज भिंती सारवायची. तरी पोरगी म्हणायची, वास येऊन राह्यला. मग लोक म्हणू लागले, वास कवडूच्या हातालाच आहे. मी राखेने हात घासायचो आणि तिला कुशीत घ्यायला भ्यायचो. कमला गेली ती हेच मनात घेऊन गेली. आपल्या धंद्याने आपले लेकरू खाल्ले, असे वाटून जगणे काय असते ते मी कोणाला सांगू शकत नाही.

पुढे वर्ध्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले की मद्रासकडे एका इस्पितळात लहान मुलांच्या मिरगीवर नवा शोध चालू आहे. गोळ्यांनी थांबत नाही तिथे मेंदूचा बिघडलेला भाग काढून थांबते का, ते पाहतात. सन १९५४ साली आम्ही वर्ध्याहून ग्रँड ट्रंक गाडीत बसलो. वच्छला चौदा वर्षांची होती. बल्लारशा मागे पडल्यावर लोकांची बोली बदलली, तशी ती खिडकीतून प्रत्येक स्टेशनाच्या नावाला हसत होती. केळीच्या पानावरचा दहीभात खाताना म्हणाली, "माय असती तर म्हनली असती, याले फोडणी कुठं हाये?" आम्ही दोघे खूप हसलो. तो प्रवास मला अजून जसाच्या तसा दिसतो.

तिथे तिच्या डोक्याला तारा चिकटवून एक यंत्र कागदावर रेघा काढायचे. रेघांवरून डॉक्टरांनी बाजू ठरवली. पण नेमकी जागा मुलानेच सांगावी लागते, म्हणून ही चिरफाड मूल जागे ठेवून करतात. कातडी तेवढी बधिर करतात. विजेच्या बारीक तारेने मेंदूला जागोजाग स्पर्श करतात आणि विचारतात, काय झाले? डॉक्टरांना मराठी येत नव्हती आणि घाबरल्यावर वच्छलाला आमच्या बोलीशिवाय काही सुचत नव्हते. म्हणून मला आत घेतले. चपला दाराबाहेर ठेवल्या, साबणाने आंघोळ घातली, पांढरा झगा चढवला, तोंड बांधले. डॉक्टर म्हणाले, "डरो मत, दिमाग को खुद दर्द नहीं होता." मला चादरीच्या अलीकडचा तिचा चेहरा तेवढा दिसत होता.

पहिल्या स्पर्शाला तिचा अंगठा हलला. "अप्पा, मी नाई हालवला," म्हणून ती हसली. मग तार खाली सरकली आणि तिने माझे बोट घट्ट धरले. "अप्पा, वास येऊन राह्यला."

मी हुंगून पाहिले. त्या खोलीत औषधाच्या वासाखेरीज काही नव्हते. चामड्याचा नखभर तुकडा नव्हता. "कायचा वास, माय?"

"तोच. मिरगीच्या आंधी येते तो."

डॉक्टरांनी तार उचलली. "गेला," ती म्हणाली. त्यांनी वीज बंद करून नुसतीच तार टेकवली. "आता काई नाई." वीज सोडून पुन्हा टेकवली. "आला, अप्पा."

मी हे सगळे हिंदीत सांगत गेलो आणि फडक्याखाली रडत गेलो. तो वास माझ्या घराचा नव्हता, माझ्या हातांचा नव्हता. तो तिच्या मेंदूच्या एका कोपऱ्यातून उठत होता. तेवढा कोपरा डॉक्टरांनी काढून टाकला. कमला हे ऐकायला पाहिजे होती.

आता मी विचारतो, डोके उघडे असताना खरी तार कोणती आणि खोटी कोणती हे जिने बरोबर सांगितले, तिच्याएवढी शुद्धीवर असल्याची परीक्षा या तहसिलीत कोणी दिली आहे? तानबाने तरी दिलेली नाही.

परत आल्यावर मी वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चर्मालयातून कमावलेले कातडे आणले. वच्छलाने ते नाकाला लावले आणि म्हणाली, "अप्पा, हा तर येगळाच वास हाये. चांगला हाये." त्या दिवशी पोते सोडले. आज नागपूर सडकेचे ट्रकवाले तिच्याच हातची चप्पल मागतात.

३. मिरगी पुरती गेलेली नाही, पण आता क्वचित येते. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या मुलीला काहीच गुण आला नाही, हेही लिहा. डॉक्टर कोणाला किती गुण आला हे वर्षानुवर्षे पाहतात, कारण पुढच्या लेकरांचे त्यावर ठरायचे आहे. म्हणून पोस्टातली माझी शिल्लक वच्छलाच्या गोळ्यांना आणि वर्षातून एकदा तिकडे जाण्याला लावावी. माझ्यामागे तिला फेफरे आले तर कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, जवळ बसावे. चप्पल ज्याची त्याने पायातच ठेवावी.

४. अण्णाजींनी नेलेल्या चपलेचा दुसरा पाय माझ्याकडे आहे. तो मी त्यांना बक्षीस देतो. वच्छलाने तो त्यांच्या ओट्यावर चढून हातात द्यावा.

५. तानबाला काही ठेवलेले नाही. त्याला मी साक्षीला बोलावले आहे, आणि साक्षीदाराला वाटा ठेवला की लोक बोट दाखवतात, असे सदाशिवराव म्हणाले. त्याच्यावर राग आता उरला नाही. लहानपणी आम्ही एकाच घोंगडीत निजलो.

येणेप्रमाणे लिहिलेले मला वाचून दाखवले. मग सदाशिवरावांनी रीतीप्रमाणे माझी शुद्ध तपासायला विचारले, आज वार कोणता? मी म्हटले, बुधवार. तानबानेही मान डोलावली. पडवीतून आरी न थांबवता वच्छला म्हणाली, "अप्पा, गुरुवार हाये आज. बुधवार काल झाला." सदाशिवरावांनी पंचांग काढून पाहिले. हेही लिहा, असे मी सांगितले.

मुक्काम जाम, तारीख ११ डिसेंबर १९५८, वार गुरुवार.

सही: कवडू नत्थू चवरे

साक्षीदार:
१. महादेवराव, शाळामास्तर, जाम. सही.
२. तानबा वल्द नत्थू चवरे, जाम. कवडूने माझ्यादेखत सही केली. वार मी आणि दादा दोघेही चुकलो. पोरीने बरोबर सांगितला, तो मी माझ्या कानाने ऐकला. डाव्या हाताचा अंगठा.