ओपलची सही

९ ऑक्टोबर
शी! दिवसभर गाडीतल्या संडासाची टाकी धुतली, तरी वास जात नाही. मोटरहोम घेतलं ते घेतलंच – महिनाअखेर विकलेल्या घराचा ताबा द्यायचा, मग हेच आमचं घर. माझा नवरा व्हर्लिन म्हणतो, तिकडे युमाच्या वाळवंटातलं ऊन लागलं की सगळं वाळेल. टाकीत हात माझे होते, त्याचे नाहीत.

विकणारा ड्वाइट दर वाक्याला देवाचं नाव घेतो. गाडी त्याच्या आईची, ओपलची. ती वसंतात वारली म्हणे. सांगताना त्याने डोळे पुसले आणि त्याच हाताने माझा चेक खिशात घातला.

१२ ऑक्टोबर
गाडी नावावर करायला सरकारी ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाईने मालकीचा कागद उलटून पाहिला. ओपलची सही होती, पण नोटरीचा शिक्का नव्हता. व्हर्लिन तोंड मिटून बसेल तर ना! म्हणाला, आता कुठली नोटरी, ती बाई तर वसंतातच गेली.

बाईने चष्मा वर केला. "मग गेल्या मंगळवारची सही कोणाची?"

रांगेत कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणाली.

१३ ऑक्टोबर
ड्वाइट फोन उचलत नाही.

१५ ऑक्टोबर
उचलला एकदाचा. दाखला टपालात आहे म्हणे. मग म्हणाला, तारीख तेवढी खोडा, शिक्का मारणारा माझ्या ओळखीचा आहे. मी फोन आपटला.

वळून बघते तर व्हर्लिन जुन्या बिलाच्या पाठीवर ओपलची सही गिरवतोय!

"बिघडलं काय? मेलेलं माणूस तक्रार करायला येणार थोडंच."

इतकी वर्षं या माणसासमोर बसून जेवत आले. आज ताट घेऊन बाहेर पायरीवर बसले.

१७ ऑक्टोबर
गाडी जिथून आणली त्या ट्रेलर-पार्कात, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, एकटीच गेले. शेजारची बाई निवडुंगाच्या कुंड्या सरकवत होती. ओपल कधी वारली, असं विचारलं.

"वारली? रविवारी तर मीच तिचे केस कापले."

ओपल गावातल्याच वृद्धाश्रमात आहे. उन्हाळ्यात पडली, खुबा मोडला. तशीच तिथे गेले. खुर्चीत ताठ बसलेली, ओठ रंगवलेले. मला बघून म्हणाली, ड्वाइटने पाठवलं का? गाडी दुरुस्तीला टाकलीय ना? मी चालायला लागले की तो मला त्या गाडीतूनच घरी नेणार आहे.

काय सांगायचं? सांगितलं. सगळं – व्हर्लिनच्या गिरवण्यासकट.

तिने एवढंच विचारलं, "मी कशाने मेले म्हणाला?"

"झोपेत."

"चला. निदान हाल नाही केले माझे."

घरी येऊन व्हर्लिनला सांगितलं, ती जिवंत आहे. तो चघळत राहिला. मग म्हणाला, "मग घाई कशाला? म्हातारी आज ना उद्या जाईलच. तोवर गाडी आपल्याच दारात आहे." आणि घेवड्याचं भांडं पुढे सरकवलं – अजून वाढ म्हणून.

न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

१८ ऑक्टोबर
दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

२० ऑक्टोबर
किल्ल्या घेऊन ओपलकडे गेले. म्हटलं, गाडी परत घ्या, माझं मी बघेन. पण तिने मुलाला आधीच बोलावून घेतलं होतं. माझा चेक त्याने अजून बँकेत टाकला नव्हता – धीर झाला नसणार. तो तिने काढून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. ड्वाइट देवाचं नाव घेत रडायला लागला तेव्हा, खोलीबाहेर जाऊन रड म्हणाली.

किल्ल्या मात्र तिने घेतल्या नाहीत.

"त्या गाडीच्या पायऱ्या आता मला चढवणार नाहीत. मला काय कळत नव्हतं? कुणी फक्त विचारायला हवं होतं."

मग मी विचारलं. तुला विकते म्हणाली.

२४ ऑक्टोबर
नोटरी वृद्धाश्रमातच आला. ओपलने सही केली – या वेळी अक्षर तिचंच. घेणाऱ्याच्या जागी नवरा-बायको दोघांची नावं लिहायची ना, नोटरीने विचारलं.

मी म्हटलं, एकच. माझं.