रिकाम्या खाटेची कूस

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि निघताना ताईने दिलेल्या दीडशे सूचना. वृद्धांच्या या शुश्रूषागृहात मला राहायला वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकी ऐसपैस, नळाला गरम पाणी. ताईला लगेच फोन करून सांगितलं की तुझ्या घरापेक्षा मजा आहे इथे.

माझ्याकडे खालचा वॉर्ड. दहा खाटा, नऊ माणसं, सगळी अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. मग खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर डावी, पाठ, उजवी अशी खूण करून सही ठोकायची. आमची आई बेडसोअरनेच, पडून पडून होणाऱ्या जखमांनीच, गेली. तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आता कळतं.

पहिल्याच सहीला माझं पेन संपलं. इथल्या जुन्या मदतनीस, सगळे त्यांना मावशी म्हणतात, त्यांनी सहा नंबरच्या बाईच्या मुठीतून एक पेन ओढून काढलं आणि मला दिलं. म्हणाल्या, घे, तिला कुठे पत्रं लिहायची आहेत! मलाही हसू आलं.

बुधवार, ५ तारीख

सहा नंबर जेमतेम पंचेचाळिशीची आहे. बाकी सगळे ऐंशीच्या पुढचे. ती बोलत नाही, हलत नाही. डोळे आणि उजव्या हाताची बोटं तेवढी चालतात. माकडहाडावर लिंबाएवढी जखम. मी तक्त्यापाशी पेन उघडलं की डोळे फाडून बघत राहते.

आज मात्र माझं डोकं फिरलं. मावशी सकाळी आठला येतात आणि दिवसभराचे सगळे रकाने एका दमात भरून टाकतात. संध्याकाळी सहाची उजवी कूस सकाळी सव्वाआठला! कहर म्हणजे पाच नंबरची खाट रिकामी आहे, गादी गुंडाळून ठेवलेली, तरी तिच्याही तक्त्यावर खुणा. रिकाम्या खाटेचीसुद्धा कूस बदलतात आमच्याकडे! विचारलं तर मावशी म्हणाल्या, हाताला सवय असलेली बरी, कोणी ना कोणी येतंच. वर माझ्या धावपळीकडे बघून टोमणाही मारला, नव्याचे नऊ दिवस.

शनिवार, ८ तारीख

हवेच्या गादीचा पंप बंद आहे हे मोठ्या सिस्टरांना तीनदा सांगितलं. त्यांचं एकच, तक्ते पूर्ण आहेत ना? मग झालं तर. पालथ्या घड्यावर पाणी! मी स्वतः पंपाची नळी चिकटपट्टीने बांधली. मावशी लाल झालेल्या कातडीवर खसाखसा तेल चोळतात, तेही बंद करायला लावलं. त्यावरून दोन दिवस अबोला आहे, तो एक फायदाच.

पण सहा नंबरची जखम भरू लागली आहे. कडा छान गुलाबी. मी तिला तसं सांगितलं तर तिने माझं बोट धरलं, आणि मला रडूच आलं. हिला मी बरी करणारच.

मंगळवार, ११ तारीख

लिहायची लाज वाटते. मावशी सुट्टीवर, मी एकटी. दुपारी तपासणीला माणसं येणार होती. मोठ्या सिस्टरांनी फर्मावलं, आधी तक्ते पुरे कर. सहा नंबरची दोनची कूस राहिली होती. पाच मिनिटांत बदलू म्हटलं आणि त्याच पेनाने खूण केली, सही केली. ती घशातून ओरडली. आठ दिवसांत पहिल्यांदा आवाज ऐकला तिचा.

पाच मिनिटांचे चार तास झाले. गुलाबी कड काळी पडली होती. तपासणीवाल्यांनी तक्ते बघून मला शाबासकी दिली. शाबासकी! माझी मलाच किळस आली. आज माझा नववा दिवस.

गुरुवार, १३ तारीख

माकडहाडापाशी ठणकतंय. आरशात पाठ करून पाहिलं. लाल चट्टा. बोटाने दाबला तर पांढरा होत नाही, लालच राहतो. ही बेडसोअरची सुरुवात, मला शिकवायला नको. ताई म्हणते, खुर्ची टणक असेल. मला इथे बसायला वेळ आहे कुठे!

टाचाही लाल झाल्या आहेत.

शनिवार, १५ तारीख

पाय शिशासारखे जड. कपाटातून जुने तक्ते काढले. सगळ्यांवर माझ्या आधीच्या परिचारिकेची सही. तेच नाव आज सहा नंबरच्या तक्त्यावर आहे, रोग्याच्या जागी.

मावशींनी काही लपवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, हो, तुझ्या आधी तीच होती की. फार कामसू. तुझ्यासारखीच कटकट करायची.

पाच नंबरची गादी कोणीतरी उलगडली आहे. चादर घातली आहे.

रविवार, १६ तारीख

बॅग भरली. जिन्यात पाय गेले. मावशींनी आणि स्वयंपाक्याने उचलून पाच नंबरवर आणून ठेवलं. तात्पुरतं, म्हणाल्या.

मंगळवार, १८ तारीख

उजवा हात चालतो. वही उशीखाली, मुठीत तेच पेन.

आठ वाजता मावशींनी दिवसाच्या सगळ्या खुणा केल्या. तक्त्यावर मी डाव्या कुशीवर आहे. मी पाठीवर आहे. परवापासून पाठीवर. चादरीला सुरकुती आहे, बरोबर जखमेखाली—

ताई आली होती. मला ओरडता येईना. तिने तक्ता वाचला, डोळे पुसले आणि मोठ्या सिस्टरांचे हात हातात घेऊन म्हणाली, किती वेळच्या वेळी करता हो सगळं.

गेली.

गुरुवार, २० तारीख

नवी आली. हसरी आहे. आल्या आल्या सहा नंबरची कूस बदलली, मग माझी. पाठीला वारा लागला— चार दिवसांनी— रडले मी.

चार नंबरचे आजोबा काल गेले. त्यांच्या तक्त्यावर आजच्याही खुणा. ती हसली. म्हणाली, मी असलं कधी करणार नाही.

मीही—

ती तक्त्यापाशी उभी आहे. आपलं पेन झटकतेय. संपलं असावं. मावशी माझ्या हाताकडे बोट दाखवतात. येतायत. मूठ सोडणार नाही. पोरी, हे पेन घेऊ नकोस, आणि घेतलंस तर आधी कूस बदल, मग खू—