डंकावरचा मसाला आणि वहिनीचं यंत्र

आई, वहिनीने मसाला दळायचं यंत्र घरात आणलं आणि त्यावरून आम्ही दोघी कित्येक दिवस धड बोललो नाही. तुझ्यामागे आम्हीच आपल्या काळाचौकीच्या खोलीतून मसाला विकतो. गिऱ्हाइकं तुझीच, नाहीतर त्यांच्या सुना. वहिनी म्हणाली, "ताई, लालबागच्या मसाला-गिरणीत रांग लावून डंकावर कुटून आणायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. चवीत काही फरक नाही पडत." मी म्हटलं, "तुला नसेल पडत." झालं, पेटलं.

शेवटी ठरलं, गिऱ्हाइकांनाच विचारू. एकाच मिरचीचे दोन भाग केले, एक कुटला, एक दळला, आणि कुठला कोणता ते न सांगता दोन्ही पुड्या घरोघरी दिल्या. निम्म्यांना हा आवडला, निम्म्यांना तो. भांडण इथे मिटायला हवं होतं ना? उलट वाढलं. फणसवाडीच्या काकूंनी दळलेला निवडला, तर मी म्हटलं, त्यांना बारमाही सर्दी, त्यांना काय कळतंय. शिवडीच्या मावशींनी कुटलेला निवडला, तर वहिनी म्हणाली, त्या कालवणात मूठभर चिंच कोंबतात, त्यांचं काय धरायचं. आपल्या बाजूने बोलणाऱ्याच्या नाकाची चौकशी मात्र कुणी केली नाही. एकाच निकालावर दोघी जिंकून बसलो.

तू तरी कुठे वेगळी होतीस? बाबांनी एकदा गुपचूप विकतच्या पाकिटातला मसाला बांगड्याच्या कालवणात घातला. तू दोनदा भात घेतलास. मग त्यांनी सांगितल्यावर म्हणालीस, "तरीच. माका कायतरी कमी लागत होता." बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

मला मात्र वैशाखातली ती दुपार सुटत नाही. तू डंकासमोर उभी आहेस, पदर नाकाला, डोळे लालभडक. घरी येऊन ताकात हात बुडवून बसतेस, आग थांबत नाही. मी म्हणते, दळून आणू ना, आई. तू माझ्यावरच डाफरतेस, "मग लोकांनी आपल्याकडसून कित्याक घेवचो? चवीसाठी येतत ते."

वहिनीशी भांडताना माझ्या डोळ्यांसमोर ते हात होते. दळलेला तितकाच चांगला ठरला, तर तुझी ती सगळी आग फुकट गेली असती. ते मला सोसणारं नव्हतं. सगळ्या गिरणगावाने येऊन सांगितलं असतं, तरी मी सर्दीच काढली असती. हे एकदा कळल्यावर मी वहिनीला सांगून टाकलं, यंत्र राहू दे. धंदा बरा चाललाय, आणि तिचे हात पोळत नाहीत, याचं मला बरं वाटतं.

हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून लिहिते. वहिनीलाही बोललेले नाही. त्या दोन्ही पुड्या मी एकटीने डोळे मिटून चाखल्या होत्या. मला फरक कळला नाही. लहानपणीही कधी कळत नव्हता, आई. तू म्हणायचीस, म्हणून मी म्हणायचे.