टिफिन फिनिश

सोमवार, १६ जून
आज पहाटे उठून आंघोळ केली, बुद्धवंदना घेतली आणि बालवाडीच्या भिंतीत खिळा ठोकला. पहिला वाकला. दुसरा प्लास्टर घेऊन खाली आला. तिसऱ्यावर आचारसंहिता टांगली. उल्हासनगरच्या शिबिरात 'बालशिक्षणातील व्यावसायिक नीतिमूल्ये' ऐकून आलो, त्यावरून मीच लिहिली. लॅमिनेशनसकट. मुलाशी खरं बोलावं. पालकांशी खरं बोलावं. मुलावर कशाचीही जबरदस्ती करू नये.
शिकवते मालिनी, म्हणजे माझी बायको. मी संचालक. अंबरनाथ एमआयडीसीत स्टोअर सांभाळायचो. कंपनी बंद पडली तेव्हा कात्रपला तळमजल्याची ही खोली घेतली. स्टोअरमध्ये कधी एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. इथेही होणार नाही.
आमच्या मदतनीस सुंदराबाई म्हणाल्या, फ्रेम वाकडी आहे. मी म्हटलं, तत्त्वं सरळ आहेत.
डब्यांचं खातं आजपासून माझ्याकडे. कोणी किती खाल्लं ते रोज पालकांच्या ग्रुपवर टाकायचं.

मंगळवार, १७ जून
सम्यक, वय साडेतीन. चार घास खाल्ले आणि वाळूकडे पळाला. जबरदस्ती करायची नाही, त्यामुळे केली नाही. उरली पाऊण चपाती आणि बटाट्याची भाजी. सुंदराबाई डबा तसाच बंद करत होत्या. मी थांबवलं. भरलेला डबा घरी गेला की पोरगं आईचा ओरडा खाणार. शिवाय आमच्या गावच्या शाळेत सुकडी मिळायची, तेव्हा गुरुजी एक कण टाकू द्यायचे नाहीत.
खाल्ली. मोहरी जरा करपली होती, बाकी उत्तम.
ग्रुपवर टाकलं: 'सम्यक: टिफिन फिनिश.' यात खोटं काय आहे? झालाच होता.

गुरुवार, १९ जून
सम्यकच्या आईने, प्रीतीने, ग्रुपवर तीन लाल बदाम टाकले. घरी म्हणे दाणा खात नव्हता, ही बालवाडीची कमाल आहे. आजपासून दीड चपाती देते आहे.
कामाचं चीज झालं की बरं वाटतं.

बुधवार, २५ जून
राजसीची आजी, कुमुदिनीताई, गेटवर अडवून बोलल्या. सम्यक रोज फिनिश आणि आमची राजसी रोज अर्धा डबा परत, हे कसं? आमच्या पोरीकडे लक्ष देत नाही का तुम्ही?
मुलामुलांत भेदभाव करू नये, हे शिबिरात फार जोर देऊन सांगितलं होतं. आजपासून राजसीही फिनिश. पुष्करच्या आईला वाईट वाटू नये म्हणून पुष्करही.
राजसीकडे साजूक तूप असतं.

गुरुवार, ३ जुलै
सकाळी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी अडखळलो. न दिलेलं घेऊ नये. नीट विचार केला. डबा दिलेला असतोच. मला दिलेला नसतो, एवढंच. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते जरा हळू म्हटलं. मोठ्याने म्हणायलाच पाहिजे असं कुठे आहे?
पँटचा हुक तुटला. आजकाल कापडात दम नाही.
मालिनीने विचारलं, रात्री जेवत का नाही हल्ली? वर्षावास जवळ आलाय, म्हटलं. तीन महिने संध्याकाळचं जेवण सोडावं म्हणतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आपल्याबद्दल आदर वाटला.

गुरुवार, १० जुलै. आषाढ पौर्णिमा
मालिनीने विहारात सगळ्यांना सांगून टाकलं. भीमरावकाकांनी मला उभं करून तरुणांना म्हटलं, याच्याकडून संयम शिका. टाळ्या वाजल्या. नाकारणं उद्धटपणाचं दिसलं असतं.
दुपारी पुष्करच्या डब्यात मेथी पराठे होते. लोणी वेगळ्या डबीत.

सोमवार, १४ जुलै
प्रीती सकाळी आत आली आणि मुलांच्या छोट्या खुर्चीवरच बसली. म्हणाली, सम्यक इथे दोन चपात्या खातो, तरी वजन कमी झालंय. जंतांचं औषध झालं. टॉनिक झालं. बाप नाइट शिफ्ट करून आला की त्याला मांडीवर घेऊन बरगड्या मोजत बसतो. आता डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, शनिवारी सकाळी.
मग मला विचारलं, "सर, एवढं खातो तर जातं कुठे?"
मी पोट आत घेतलं. मुलांच्या वाढीचे टप्पे असतात, म्हटलं.
उद्या सांगायचं. ठरलं.

मंगळवार, १५ जुलै
प्रीती घाईत होती म्हणून राहिलं. म्हणजे ती गेटवर बराच वेळ उभी होती. घाई मला होती.

बुधवार, १६ जुलै
मेसेज लिहिला: 'सम्यकच्या टिफिनबाबत एक तांत्रिक बाब निदर्शनास आली आहे.' निदर्शनास कोणाच्या, असा प्रश्न येईल. पुसला. उद्या समोरासमोर सांगू. ते जास्त व्यावसायिक.
आज तिन्ही डबे ताकदीचे होते. असे दिवस क्वचित येतात.

गुरुवार, १७ जुलै
प्रश्न मुळापासून सोडवायचं ठरवलं. सम्यकच खाऊ लागला तर सांगायचं काय उरतं? त्याच्याजवळ बसलो, विमान केलं, घास नेला. त्याने तोंड फिरवलं आणि डबा सवयीने माझ्याकडे सरकवला.
"सर, तू खा."
पोर मायाळू आहे. त्याचं मन मोडवेना.

शुक्रवार, १८ जुलै
सम्यक आज खडू घेऊन सगळ्यांच्या दंडात टोचत होता. उद्या काका सुई मारणार, असं आईने सांगून ठेवलंय. राजसी रडली. मग सम्यकने माझ्याजवळ येऊन विचारलं, सर, तुला पण सुई? नाही, म्हटलं. फक्त मलाच? म्हणाला. त्यावर शिबिरात काही सांगितलेलं नव्हतं.
आज डबे खाल्ले, पण चव लागली नाही.

शनिवार, १९ जुलै
वंदनेला बसलो. चौथ्या शीलाशी आवाजच फुटेना. उठलो, रिक्षा केली, लॅबमध्ये गेलो. सम्यक प्रीतीच्या मांडीवर, दंडाला रबराचा पट्टा बांधलेला. रडतही नव्हता, नुसता सुईकडे बघत होता.
मी म्हटलं, "थांबा. त्याचा डबा मी खातो."
लॅबवाल्या बाई थांबल्या. प्रीतीला काही कळलं नाही. तिने विचारलं, "कधी?"
"रोज."
"भेंडीपण?"
"भेंडीपण."
तिने पट्टा स्वतःच सोडला. पोराचा दंड चोळत राहिली. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही.
"दुपारी हा भूक भूक करायचा, सर. मी म्हणायचे, शाळेत दोन चपात्या खाऊन आलास, आता कसली भूक. परवा फटका मारला मी त्याला."
मी आचारसंहिता आठवायचा प्रयत्न केला. एकही कलम आठवलं नाही.
आता आधी डॉक्टरांशी बोलते, असं बाईंना सांगून ती निघाली. सोमवारी सम्यक येणार का, विचारायचं होतं. जाताना सम्यकने मला टाटा केला.
घरी मालिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं.

रविवार, २० जुलै
डबे बंद, म्हणून संध्याकाळी ताटावर बसलो. मालिनीने वाढलं नाही. वर्षावास आहे ना, म्हणाली. अजून जवळजवळ तीन महिने आहेत, म्हणाली. विहारात टाळ्या घेतल्यात, म्हणाली.
उद्यापासून डब्यांना हात लावायचा नाही. ग्रुपवर जे असेल ते खरं टाकायचं.

सोमवार, २१ जुलै
सम्यक आला. रक्त तपासायची गरज नाही, घरी दोनदा जेवायला घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. प्रीतीने हे मालिनीला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. डबा आता इवलासा दिलाय.
जेवणाच्या सुट्टीत मनावर दगड ठेवून बसलो. सुंदराबाई दारात उभ्याच होत्या, पण मध्ये त्यांना कोणाची तरी चड्डी बदलायला जावं लागलं.
सुट्टीनंतर ग्रुपवर लिहिलं: 'सम्यक: अर्धी चपाती. राजसी: फक्त काकडी. पुष्कर: काही नाही, झोपला.' पाठवलं. महिन्यात पहिल्यांदा फिनिश शब्द नव्हता. हात हलका वाटला.
लगेच प्रीतीचा मेसेज आला. 'आणि सर?'
सगळ्या आया बघत होत्या. कुमुदिनीताईसुद्धा ऑनलाइन. फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. 'पुष्करचा अर्धा मेथी पराठा' असं लिहिलं. 'अर्धा' पुसलं. 'पूर्ण' लिहिलं. मग 'लोण्यासकट' जोडलं आणि पाठवून दिलं.