जास्तीचा 'आर'

फॉल रिव्हर, २ मे

प्रिय आई,

आधी आशीर्वाद दे आणि मग खुर्चीत नीट बसून वाच. आपले बगळे परत आले! इथल्या नव्या फुटबॉल क्लबनं जुन्या संघाचंच नाव घेतलंय, 'हेरन्स', म्हणजे बगळे. चाळीस वर्षांनी गं!

खरी गंमत पुढेच आहे. गेल्या महिन्यात सभेत नव्या मालकांनी संघाचा शर्ट उलगडून दाखवला, तर पहिल्या रांगेतून म्हातारा आर्लिंडो ओरडला, "अहो, आमचा दुसरा आर कुठे खाल्लात?"

मालक म्हणाले, "आजोबा, त्या शब्दात एकच आर असतो."

"शब्दात असेल. आमच्या छातीवर दोन होते!"

मग काय, अख्खा हॉल पाय आपटत "दोन आर! दोन आर!" करायला लागला. शेवटी मालकांनी हात टेकले. आता शर्टांवर नाव दोन आरनीच छापलंय.

तेव्हा इंग्रजी येत नसताना तू अठरा शर्टांवर ते नाव दोन आरनी शिवलंस आणि चूक कळल्यावर लोक हसतील म्हणून मॅचला यायचंच सोडलंस. आई, कुणीच हसत नव्हतं गं.

डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? तू परत गेलीस त्या आपल्या बेटावर सोबतीला कोण येईल? माझी काळजी नको. कारखान्यात हल्ली तीनच दिवस काम असतं, म्हणजे मॅच बघायला वेळच वेळ.

सोबत दोन आरवाला नवा शर्ट पाठवतोय. धुतलास की अंगणात वाळत घाल, नाव रस्त्याच्या बाजूला करून.

तुझा,
जिल्बेर्तु