माझ्या तोंडाचा नवस

श्री. अविनाशराव यांस, बीबीहून तुमचे दाजी कडूबा यांचा दोन्ही हात जोडून रामराम.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. माझा गुडघा होता तसाच कुरकुरतो, तुमच्या ताईची साखर तिच्या मर्जीने वरखाली होते, म्हैस व्यवस्थित आहे. तुमच्या छातीचं आता कसं आहे? (हे मला कसं कळलं ते पुढे येईल, घाई करू नका.) आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण तीन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून ठेवलंय, म्हटल्यावर पोस्टमनच तेवढा उरला.

तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. माणूस आयुष्यभर राबून जळगाव जामोदला घर बांधतो, वास्तुशांतीची पंगत बसते, आणि सख्खा दाजी वरणभाताचा घास हातात धरून विचारतो की अविनाशराव, हे घर बांधलं का पाण्याची टाकी? (पुढची बाजू गोल, रंग निळा, खाली चार खांब. पण म्हणून बोलायचं नसतं, हे मला आता कळतं.) लोक हसले. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला लोक हसले की चेव येतो. मी लगेच नळ कोणत्या बाजूला बसवला तेही विचारलं. महिन्याभरात सगळी गल्ली तुम्हाला टाकीवाले म्हणायला लागली आणि तुमच्या लेकीला, आमच्या प्रतीक्षाला, कॉलेजात टाकीवाली. तुम्ही बोलणं टाकलं, मी माफी मागायचं टाळलं, आणि आपल्या दोघांच्या ताठ्यात तुमच्या ताईचं माहेर तुटलं. तिच्या तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या. ती एका शब्दाने मला बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं.

तर गेल्या महिन्यात तुमच्या ताईने, म्हणजे आमच्या गीताबाईंनी, एकदम जाहीर केलं की कपारीच्या आईचा नवस फेडायला जायचं. तुमच्याच तालुक्यातली सातपुड्यातली ती देवी, कड्याच्या कपारीत बसलेली. तुम्ही दोघं लहानपणी आईबरोबर जायचात म्हणे. नवस काय, तर तीनशेवर पायऱ्या चढून जायच्या आणि उतरायच्या. मी म्हटलं, गुडघ्याचं जमवून घेऊ. तर ती म्हणाली, "गुडघ्याचा नाही, तुमच्या तोंडाचा नवस हाये. पह्यल्या पायरीपासून परत पह्यल्या पायरीवर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." कशासाठी बोललीस विचारलं तर म्हणे, ते वर गेल्यावर. मला वाटलं, माझ्या गुडघ्यासाठीच असणार. माणसाला सगळीकडे आपलाच गुडघा दिसतो.

मेहकर, खामगाव, नांदुरा करत आम्ही तुमच्या गावात पोचलो. बस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वळते तिथे तुमची ताई खिडकीकडे सरकली, पदर नीट केला आणि घर मागे पडेपर्यंत मान वळवून बघत राहिली. मी दुसऱ्या खिडकीतून सोयाबीन बघितलं. स्टँडवर कामरान नावाच्या भल्या माणसाची जीप मिळाली. तुमच्या ताईने नवसाची हकिगत त्याला सांगितली आणि सावधगिरी म्हणून माझं तोंड जीपमध्येच बंद केलं. कामरानने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकी, माह्या घरी पण एक मामू हाये. त्याले घेऊन येऊ का?"

अविनाशराव, बोलता येत नसलं की काय काय बोलायचं असतं म्हणून सांगू. पायथ्याशी वनखात्याची पाटी होती, बिबट्याचा वावर आहे, एकटे फिरू नये. तिच्यात बिबट्याच्या 'बि'ला दुसरी वेलांटी दिली होती आणि मला ते कोणाला सांगता येईना. साठाव्या पायरीवर एका वानराने ओटीच्या पिशवीतली केळी काढली, सोलली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. मी हातवारे केले तर त्याने साल माझ्या अंगावर फेकलं. मागून येणाऱ्या, देऊळगाव राजा गावच्या बायकांना वाटलं की मी जन्माचा मुका. एकीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "बिचारा, चेहऱ्यावरून तर बोलका दिसतो," म्हणाली आणि देवीने मला वाचा द्यावी म्हणून मोठ्याने साकडं घातलं. तुमची ताई घाईघाईने म्हणाली, "नको बाप्पा, मोठ्या मुश्किलीनं गेली हाये."

सगळ्यात वाईट गोष्ट वर, मंदिरासमोरच्या चहाच्या टपरीवर घडली. एक जण ठामपणे सांगत होता की खामगावची गाडी चारला आहे, आरामात उतरू. अहो, ती गाडी सव्वातीनला सुटते. त्या रस्त्यावर मी अकरा वर्षं घंटी मारलेली आहे. समोर लेकराबाळांचं कुटुंब निवांत चहा पीत होतं, ते चुकणार हे मला दिसत होतं. मी तीन बोटं दाखवली, मग पाव भाग दाखवला, मग हवेतली दोरी ओढून डबल बेल दिली. त्यांनी मला एक चहा पाजला. (चहा चांगला होता.) शेवटी तुमच्या ताईने त्यांना वेळ सांगितली, तेव्हा ते उठून पळाले.

मग आम्ही कपारीत शिरलो. तिथे वाकूनच जावं लागतं, आत समईचा उजेड आणि दगडातून झिरपणारं पाणी. तुमच्या ताईने ओटी भरली, हात जोडले आणि देवीला म्हणाली, "माय, तू माह्या अवीले अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. मले त्याच्या उशाशी जाता नाही आलं. यायच्या जिभेनं माहं माहेर तोडलं, म्हणून यायचीच जीभ तुह्या पायरीशी आणून घातली. आता आणखी काही मागत नाही." माझ्या समोर बोलली, मी तिथे नसल्यासारखी.

मार्चमध्ये तुमच्या छातीचं ऑपरेशन झालं हे मला तिथे, वाकलेल्या अवस्थेत कळलं. (प्रतीक्षाने आत्याला गुपचूप कळवलं होतं. पोरीला रागवू नका.) त्या आठवड्यात ही जेवत नव्हती, आणि मी विचारण्याऐवजी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो होतो. मला तिथेच सांगायचं होतं की चुकलं माझं. आणि नेमकं तेव्हाच बोलायचं नव्हतं. उतरताना एका शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय सटकला, तेव्हा मी तिचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. तरीही तोंडातून एक अक्षर काढलं नाही. पहिल्या पायरीवर पोचल्यावर ती म्हणाली, "बोला आता." आणि अविनाशराव, मी म्हटलं, पाणी पितेस का. येताना गाडीत नांदुऱ्यापर्यंत मी गप्प होतो, तेव्हा तिने घाबरून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तब्येतीला जपा, जड उचलू नका. वहिनींना नमस्कार, प्रतीक्षाला आशीर्वाद.

तुमचा दाजी,
कडूबा

ता. क. मूळ गोष्ट राहिलीच. पंगतीत बोललो, म्हणून पंगतीतच माफी मागायला तयार आहे. यंदा भाऊबीजेला तिला न्यायला या. मी मागून येईन, आणि तुम्ही म्हणाल तितका वेळ मुका बसेन. सवय झाली आहे. हे पत्र तिला माहीत नाही.

आणखी ता. क. अवी, मी गीताताई. हे म्हशीचं दूध काढाले गेले अन् पत्र उशीखाली ठेवून गेले, म्हंजे मी वाचावं म्हणूनच. यायनं एक अक्षर काढलं नाही हे साफ खोटं हाये. माहा पाय सटकला तवा "गीते!" म्हणून असे ओरडले का झाडावरचे सगळे वानरं पळाले. चौतीस वर्षांत यायनं पह्यल्यांदा माहं नाव घेतलं. मी पायरीवर बसून रडली, तर याहिले वाटलं पाय मुरगळला. पण नवस तर मोडला ना रे. आता परत चढा लागते, अन् यायचं तोंड धराले तू पाह्यजे. पाकिटावर यायनं पत्ता 'टाकीजवळ' असा लिहिला होता, मी 'जवळ' तेवढं खोडलं. एसटीतून पाह्यलं मी तुहं घर. खरं सांगू? टाकीच दिसते रे. पण दार उघडं होतं.